ओरडा न खाता पोहायला शिकले: मोठ्यांच्या स्विमिंग बॅचचा रिव्ह्यू

क्लास संपून तीन महिने झाले, रिव्ह्यू लिहायचा लिहायचा म्हणत राहून जात होतं, आज बसलेच. आधीच सांगते, हा लांबलचक होणार आहे कारण "छान क्लास आहे, नक्की जा" एवढं लिहून माझं समाधान होणार नाही. माझं वय बेचाळीस. मोठ्यांची बिगिनर बॅच केली, दहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास, बॅचला बारा जण, एक मुख्य कोच मॅडम आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण असिस्टंट. गेले तेव्हा मला चेहरा पाण्यात घालता येत नव्हता, शॉवरखाली सुद्धा डोक्यावरून पाणी आलं की श्वास अडकायचा. आज पंचवीस मीटरचं एक टोक ते दुसरं टोक फ्रीस्टाइलने न थांबता जाते आणि खोल बाजूला दोन-अडीच मिनिटं उभ्याने तरंगता येतं. क्लासचं नाव देत नाहीये, मॅडमनीच नको म्हटलं, बॅचेस आधीच भरलेल्या असतात आणि लोकांना नाही म्हणायला त्यांना जिवावर येतं. पण असा क्लास तुमच्या जवळपास असेल तर तो ओळखायचा कसा ते शेवटी लिहिलंय, कारण मला वाटतं कामाची गोष्ट तीच आहे.

थोडं मागचं सांगायला पाहिजे. मी नऊ वर्षांची असताना घरच्यांनी पोहायला घातलं होतं. तिथले सर कठड्यावर हातात लांब काठी घेऊन उभे राहायचे आणि कठडा धरला की बोटांजवळ काठी आपटायचे. "सोड! हात सोड! एवढीएवढीशी पोरं पोहतायत, तुला काय धाड भरलीये?" रोज हेच. मी रोज हात सोडायचे, रोज नाकातोंडात पाणी जायचं, रोज परत कठडा धरायचे आणि रोज परत तेच ऐकायचे. बाराव्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले आणि मग कधीच गेले नाही. ते सर वाईट माणूस होते असं मला आज वाटत नाही, त्यांना त्यांच्या सरांनी असंच शिकवलं असणार. पण त्या बारा दिवसांची किंमत मी तेहतीस वर्षं मोजली. सहलीला सगळे पाण्यात आणि मी काठावर चपला-पर्स सांभाळत बसलेली, हे इतक्या वेळा झालं की लोक मला विचारायचेच बंद झाले.

तर आता पहिला दिवस. पोटात गोळा होता. मॅडमनी पोहण्याबद्दल एक शब्द काढला नाही, आम्हाला उथळ बाजूच्या पायऱ्यांवर कमरेपर्यंत पाण्यात बसवलं आणि म्हणाल्या आधी हनुवटी, मग ओठ पाण्यात, आणि फुंकर मारायची, बुडबुडे काढायचे, जमेल तेवढेच. मी एक सेकंद तोंड घातलं आणि झटकन वर काढलं. मनात तयारी झालेली, आता ऐकून घ्यायचं. मॅडम माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तोंड पाण्यात होतं तेव्हा तुम्ही डोळे मिटले नाहीत. लक्षात आलं का तुमच्या? तेवढंच परत करा."

माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं! मला फक्त मी घाबरले एवढंच कळलं होतं. त्या एका सेकंदात माझ्याकडून एक गोष्ट बरोबर झाली होती आणि ती मला कुणीतरी उचलून दाखवली, मग मी ती परत केली, मग दोन सेकंद, मग पाच, तास संपायच्या आत नाक-डोळे पाण्यात घालून मोजून दहा बुडबुडे. तेहतीस वर्षं अडलेली गोष्ट एका तासात सुटली हे मी आजही सांगते तेव्हा लोकांना अतिशयोक्ती वाटते.

ओरडण्यापेक्षा बरोबर झालेलं दाखवून दिलं की माणूस लवकर शिकतो, आणि नंतर जसजसं शिकत गेले तसं कळलं की पाण्यात तर हे अजूनच जास्त लागू पडतं, कारण पाण्यात घाबरण्याचा थेट परिणाम अंगावर होतो. माणूस घाबरला की मान ताठ करतो आणि डोकं पाण्याच्या वर काढतो, डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, पाय खाली गेले की पुढे सरकायला दुप्पट जोर लागतो, मग दम लागतो, आणि मग अजून घाबरतो. श्वासाचंही तेच, बहुतेक माणसं छाती भरून हवा घेतली की गोड्या पाण्यात जेमतेम तरंगतात, पण घाबरलेला माणूस वरवरचे श्वास घेतो किंवा पाण्याखाली श्वास कोंडून ठेवतो आणि तोंड वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला जातो, तिथेच पाणी जातं. म्हणजे काठावरून ओरडणारा माणूस शिकणाऱ्याचे पाय अक्षरशः खाली ओढत असतो. "घाबरू नकोस!" असं ओरडून सांगितल्यावर कोण घाबरायचं थांबलंय?

मॅडमची शिकवायची पद्धत मी दहा आठवडे बारकाईने बघितली कारण मला तिचं फार नवल वाटत होतं. पहिलं म्हणजे त्या "छान", "मस्त" असं मोघम काही बोलतच नाहीत. काय छान ते बोलतात. "उजवा हात पाण्यात शिरताना बोटं आधी गेली." "या वेळी लाथ मांडीपासून आली, गुडघ्यापासून नाही." "कठड्याला यायच्या आधी तीनदा श्वास सोडलात, काल एकदाच सोडला होता." हे ऐकलं की अंगाला कळतं नेमकं काय परत करायचं. दुसरं, चूक सांगतात, भरपूर सांगतात, असं नाही की गोडगोड बोलून सोडून देतात. पण एका वेळी एकच सांगतात आणि काय करू नका ते न सांगता काय करा ते सांगतात. डोकं वर काढू नका असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही, म्हणाल्या, "तळाशी फरशीवर काळी रेघ आहे ना, तिच्याकडे बघत जा." रेघेकडे बघितलं की डोकं आपोआप खाली राहतं, पाय आपोआप वर येतात. मी घरी येऊन विचार करत बसले की नऊ वर्षांच्या मला कुणी ती रेघ दाखवली असती तर.

आमच्या बॅचमध्ये एक दादा होते, कारखान्यात सुपरवायझर, आवाज खणखणीत, स्वभावाने प्रेमळ. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमचं हे सगळं पाण्यात ठीक आहे पण बाहेर नाही चालत. कौतुक केलं की माणसं शेफारतात. माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो, एखाद्याचं चांगलं काम बघून शाबासकी दिली की दुसऱ्या दिवशी त्याचं काम घसरतं, आणि चांगलं झापलं की दुसऱ्या दिवशी सुधारतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय." खरं सांगायचं तर मला ते पटलं, मीही ऑफिसात हेच बघितलं होतं.

मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या चला, आज एक खेळ करू. भिंतीला पाय लावून ढकला, हात पुढे सरळ, नुसतं घसरत जायचं, लाथ नाही हात नाही, थांबाल तिथे उभं राहायचं. प्रत्येकाने दहा वेळा. असिस्टंट प्रत्येक वेळी किती फरशा पार झाल्या ते वहीत लिहिणार, आणि कुणी कुणाला काहीही बोलायचं नाही, चांगलं नाही वाईट नाही. झालं. मग सगळ्यांना कठड्यापाशी बोलावून वही दाखवली. दादांचं सगळ्यात लांबचं घसरणं चौथं होतं, पाचवं त्याच्यापेक्षा बरंच कमी. सगळ्यात वाईट सातवं, आठवं त्याच्यापेक्षा बरं. माझंही तसंच, जवळजवळ सगळ्यांचं तसंच. मॅडम म्हणाल्या, "दादा, सातव्यानंतर तुम्हाला कुणी झापलं? आणि चौथ्यानंतर कुणी शाबासकी दिली?" दादा बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

मला ती गोष्ट इतकी लागली की घरी येऊन शोधलं, तर हे मॅडमच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, त्यांनी कुठेतरी वाचलेलं असणार. डॅनिएल कानेमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ज्यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या विमान शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना शिकवत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस जास्त चांगला शिकतो. तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून अगदी आमच्या दादांसारखंच म्हणाला, मी चांगल्या कसरतीचं कौतुक केलं की पुढची कसरत बिघडते, ओरडलो की सुधारते. कानेमननी तिथल्या तिथे जमिनीवर खडूने एक खूण केली आणि सगळ्यांना पाठमोरं उभं करून त्या खुणेवर दोन-दोन नाणी टाकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब पडलं, आणि पहिलं लांब पडलेल्यांचं दुसरं जवळ. ओरडण्याचा आणि कौतुकाचा काही संबंधच नाही. आपलं रोजचं काम वर-खाली होत असतं, एखाद्या फार चांगल्या दिवसानंतर साधारण दिवस येतो आणि फार वाईट दिवसानंतरही साधारणच दिवस येतो. आपण फार वाईट दिवशी ओरडतो म्हणून आपल्याला वाटतं ओरडल्यामुळे सुधारलं, आणि फार चांगल्या दिवशी कौतुक करतो म्हणून वाटतं कौतुकाने बिघडलं. म्हणजे ओरडणाऱ्याला रोज चुकीची शाबासकी मिळत राहते आणि कौतुक करणाऱ्याला रोज चुकीची शिक्षा! माझे ते काठीवाले सर आयुष्यभर ओरडत राहिले ते का, हे मला त्या रात्री कळलं. त्यांनाही डोळ्यांनी दिसत असणार की ओरडलं की पोरगं पुढच्या वेळी बरं करतं. बाराव्या दिवशी घरी राहिलेली पोरं मात्र त्यांना दिसत नसणार.

दादांनी नंतर स्वतःहून मॅडमकडे वहीच्या त्या पानाचा फोटो मागितला. कारखान्यात दाखवणार म्हणाले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, बॅच संपल्यावर भेट नाही.

आता असिस्टंटबद्दल, कारण रिव्ह्यू म्हणजे सगळंच लिहायला हवं. मुलगा अतिशय चांगला, मदतीला तत्पर, पण तो सगळ्यांना सारखंच "भारी! एकदम भारी!" म्हणायचा. मी कठड्यापर्यंत पोचले तरी भारी, अर्ध्यात उभी राहिले तरी भारी. दोन दिवसांत त्या शब्दाचं वजनच गेलं, मला तर तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं हा आपल्याकडे बघतच नाहीये. आणि एक प्रसंग घडला. बॅचमध्ये एक विशीतला मुलगा होता, तिसऱ्या दिवशीच तरंगायला लागला, चौथ्या दिवशी लाथा मारत अर्ध्या पूलपर्यंत. असिस्टंट सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, तू तर जन्मजात स्विमर आहेस यार. मुलगा खूष. पण बाजूने श्वास घ्यायचं शिकायची वेळ आली, तिथे सगळ्यांचंच घोडं अडतं तसं त्याचंही अडलं, दोनदा पाणी प्यायला, आणि मग त्याने यायचंच बंद केलं. आठवडाभर गायब. मॅडमनी फोन करून बोलावलं. त्याच्याशी काय बोलल्या माहीत नाही पण पाण्यात त्यांना बोलताना ऐकलं, "आज अकरा वेळा ट्राय केलंस, नवव्याला कान पाण्यात राहिला, तो नववा कसा केलास ते आठव." जन्मजात वगैरे पुन्हा कुणी काढलं नाही, आणि असिस्टंटही त्यानंतर जरा नेमकं बोलायला लागला, शिकतोय तोही.

याच्यावरही बरंच काम झालेलं आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेले शाळकरी मुलांवरचे प्रयोग आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना म्हटलं तुम्ही हुशार आहात, काहींना म्हटलं तुम्ही चांगली मेहनत घेतली. मग पुढे जास्त अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच चुकली. त्यानंतर "हुशार" मुलांचं काम घसरलं, मजा कमी झाली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र चिकाटीने करत राहिली. म्हणजे कौतुक हे सुद्धा वाट्टेल तसं उधळून चालत नाही. माणसाला लेबल लावलं की तो ते लेबल जपायला लागतो, आणि जपायचं असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे अवघड काही करायलाच न जाणं.

मॅडम कडक होत नाहीत असं कुणाला वाटलं असेल तर तसं अजिबात नाही. ओल्या काठावर पळायचं नाही, पाण्यात दुसऱ्याचा पाय ओढायचा नाही, खोल बाजूला विचारल्याशिवाय उतरायचं नाही, या तीन गोष्टींना माफी नाही. एकदा एकाने न विचारता खोल बाजूला उडी टाकली, मॅडमची शिट्टी अशी वाजली की सगळा पूल जागच्या जागी थांबला. त्याला बाहेर काढलं आणि उरलेला तास बाकावर बसवलं. पण सगळ्यांसमोर एक शब्द नाही, बाकीचे कपडे बदलायला गेल्यावर शेजारी बसून काय झालं असतं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने हात वर करून विचारलं, जाऊ का? तर मॅडम म्हणाल्या, "विचारलंत, बरं वाटलं मला. चला, मी पण येते." मला हे फार आवडलं. चूक मोठी होती, शिक्षाही झाली, पण माणूस लहान नाही झाला.

माझा सगळ्यात वाईट दिवस सातव्या आठवड्यातला. खोल बाजूची पहिली वेळ. पायाखाली फरशी नाही हे डोक्यात आलं आणि माझं सगळं शिकलेलं पुसलं गेलं, हातपाय झाडले, पाणी प्यायले, कशीबशी लेनची दोरी पकडली आणि दोरीला लटकून रडले, बेचाळीस वर्षांची बाई, बारा जणांसमोर. मला पक्कं वाटत होतं की आता माझं पोहणं संपलं. मॅडम पाण्यातच होत्या, दोन हातांवर. त्यांनी मला दम खाऊ दिला, मग विचारलं, "दोरी कुणी पकडली?" मी म्हटलं मी. "मी हात दिला होता का?" नाही. "दोरी पकडायच्या आधी तुम्ही पाठीवर वळलात, मी बघितलं. घाबरल्यावर सुद्धा तुमच्या अंगाला आठवलं की तोंड वर करायचं. ताई, जीव वाचवायचं सगळं तुम्ही आत्ता स्वतः केलंत." आणि मग लगेच, "आता दोरीपासून कठड्यापर्यंत फक्त सहा हात मारायचे. मी शेजारून येते." सहा हात मारले. खरं तर आठ झाले. त्या दिवशी मी बाहेर येऊन टॉवेल घेऊन बसले तेव्हा हात थरथरत होते पण मी उद्या येणार की नाही हा प्रश्नच मनात नव्हता. काठीवाल्या सरांच्या तेराव्या दिवशी मला जे पाहिजे होतं ते मला तेहतीस वर्षांनी मिळालं.

क्लासमध्ये प्रत्येकाला एक कार्ड देतात, दर आठवड्याला मॅडम त्यावर एकच ओळ लिहितात. माझ्या कार्डवरच्या काही ओळी: "पाण्याखाली डोळे उघडे." "पाठीवर कान बुडवून वीस आकडे." "दमल्यावर थांबून परत सुरू केलं, कुणी न सांगता." सातव्या आठवड्याची ओळ, "स्वतः पाठीवर वळल्या." मी ते कार्ड पाकिटात ठेवलंय, ओलं होऊन शाई पसरलीये तरी. पण यातच माझी एक तक्रारही आहे, पाचव्या आणि नवव्या आठवड्यात माझ्या कार्डवर काहीच लिहिलेलं नव्हतं. बारा जण आहेत, राहून गेलं असणार, मी समजू शकते. तरी मला ते नको इतकं लागलं. चूक सांगितली असती तर चाललं असतं, रिकामी जागा नाही चालली. एलिझाबेथ हरलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1925 सालचा एक जुना प्रयोग आहे, चौथी-सहावीच्या मुलांना रोज बेरजा द्यायच्या, एका गटाचं सगळ्यांसमोर कौतुक, एका गटाला बोलणी, आणि एक गट तिथेच बसून हे ऐकतोय पण त्यांना कुणी काहीच बोलत नाही. कौतुकवाले सुधारत गेले. बोलणी खाल्लेले आधी सुधारले आणि मग घसरायला लागले. पण ज्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही, ते या तिघांत सगळ्यात मागे राहिले. मी पाचव्या आठवड्यात त्या तिसऱ्या गटात होते, त्यामुळे मला हे वाचताना काही नवीन वाटलं नाही.

म्हणून माझी पहिली तक्रार हीच, एका बॅचला बारा जण जास्त होतात. आठ असायला पाहिजेत. अशा पद्धतीने शिकवायचं तर प्रत्येकाकडे बघावं लागतं आणि मॅडमना डोळे दोनच आहेत. त्या दोन दिवस आजारी होत्या तेव्हा तर असिस्टंटला बारा जण झेपलेच नाहीत, मागच्या रांगेतले आम्ही चौघं नुसते लाथा मारत राहिलो. बाकी लहानसहान: चुकलेला दिवस भरून देत नाहीत, चेंजिंग रूम लहान आहे, ब्रेस्टस्ट्रोक अगदी वरवर शिकवतात. आणि ज्यांना पाण्याची भीती नाही त्यांना पहिले दोन आठवडे संथ वाटतील, आमच्यातले दोघं "नुसते बुडबुडेच काढायचे का" म्हणून सोडून गेले. त्यांचंही चूक नाही, त्यांनी थेट पुढची बॅच घ्यायला हवी होती आणि क्लासने ते आधी विचारायला हवं होतं.

एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये बसत नाही पण लिहिते. ऑफिसात माझ्या हाताखाली सहा जण आहेत, बिलं तपासायचं काम. मी वाईट बॉस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, पण मी फाईल परत द्यायचे ती लाल पेनाने भरलेली, आणि बरोबर असलेल्या पानांवर काहीच नाही, कारण बरोबर असणं हे तर कामच आहे ना. एक मुलगी होती, तिच्या चुका मला नेहमी महिनाअखेरीला सापडायच्या, मला वाटायचं निष्काळजी आहे. आठव्या आठवड्यात तिच्या फाईलवर मी पहिल्यांदा लिहिलं, "सगळ्या तारखा जुळवून लावल्यात त्यामुळे मला फरक पाच मिनिटांत सापडला. फक्त चौथ्या पानावरची बेरीज परत बघ." ती फाईल घेऊन गेली आणि दहा मिनिटांनी परत आली, हातात दुसरी फाईल, म्हणाली, मॅडम यात माझ्याकडून एक चूक झालीये, तुम्हाला दाखवू का. तारीख बघितली तर चूक तीन आठवड्यांपूर्वीची. तिला तेव्हापासून माहीत होती. तीन आठवडे ती पोरगी ते घेऊन बसली होती कारण माझा चेहरा बघायची तिला भीती वाटत होती. मी तिला सॉरी म्हटलं. तिला कळलंच नाही कशाबद्दल. आता ती चुका त्याच दिवशी घेऊन येते आणि माझी महिनाअखेर पूर्वीसारखी जीवघेणी राहिली नाहीये.

तर क्लास ओळखायचा कसा. पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं काठावर बसून दुसऱ्या बॅचला बघा, कुठलाही चांगला क्लास बसू देतो. कोच जे बोलतोय त्यातून तुम्हाला, काठावर बसलेल्या माणसाला, पोहण्याबद्दल काही नवीन कळतंय का ते बघा, नुसतं "शाबास" आणि नुसतं "काय हे" दोन्हींतून काहीच कळत नाही. सगळ्यात मागचा, सगळ्यात हळू शिकणारा माणूस शोधा आणि तासाभरात त्याच्याशी कोच किती वेळा बोलला ते मोजा. शिकणारे मोठ्याने प्रश्न विचारतायत का. आणि एक खास खूण मी सांगते, एखाद्याचं चुकल्यावर तो पहिल्यांदा कुठे बघतो ते बघा. कोचच्या चेहऱ्याकडे घाबरून बघत असेल तर तिथून उठून या. आपल्या हाताकडे, पायाकडे बघत विचार करत असेल तर तिथे नाव घाला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो बारा जणांच्या बॅचसाठी आणि कार्डवरच्या त्या दोन रिकाम्या ओळींसाठी. मॅडमना हे दाखवलं, त्या म्हणाल्या रिकाम्या ओळींचं बरं झालं सांगितलंत, आता शनिवारी घरी जायच्या आधी सगळी कार्डं मोजून बघते.

पुढच्या बॅचमध्ये माझी मोठी बहीण येतेय, ती पण त्याच काठीवाल्या सरांकडे माझ्या आधी दोन वर्षं जाऊन आलेली आणि तिनेही परत कधी पाण्यात पाय घातला नाही. काल तिला गॉगल आणि टोपी नेऊन दिली. गॉगल घालून आरशात बघत होती, म्हणाली पहिल्या दिवशी काय करायला लावतात? मी म्हटलं काही नाही गं, पायरीवर बसून फुंकर मारायची.